गाव सोडल्यावर मिळालेले आडनाव

लोट्याच्या शाखेत मी रुजू झालो तो १९८६ चा जून होता. खेडहून चिपळूणकडे जाताना रस्त्याला लागणारे हे गाव. त्या वेळी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणत, आता तो ६६ झाला आहे. लोटे मागे पडले की परशुरामाचा घाट सुरू होतो आणि खाली वाशिष्ठीचे खोरे दिसू लागते. औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने उभे राहत होते, हवेला एक आंबूस वास असायचा आणि पावसात तो अंगावरच्या कपड्यांना चिकटून घरी यायचा. पाटीवर, पत्रव्यवहारात, एसटीच्या फलकावर गावाचे नाव 'लोटे-परशुराम' असे जोडीने लिहिलेले असे. लग्न झालेल्या मुलीने माहेरचे आणि सासरचे आडनाव मधे रेघ घालून लिहावे तसे. मला त्याची गंमत वाटायची.

तेव्हा संगणक नव्हते. महिन्याच्या शेवटी लेजरांचा ताळा जमवायचा म्हणजे एकाने खात्याचे नाव आणि शिल्लक मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने लिहून घ्यायची. रात्री आठ-आठ वाजेपर्यंत हा पाठ चाले. ज्याने आयुष्याची काही वर्षे असे लेजर वाचले आहे, त्याच्या कानात आडनावांची एक वेगळीच वही तयार होते. दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले की, आमच्या खातेदारांत चिपळूणकर आहेत, दाभोळकर आहेत, गुहागरकर आहेत. पण लोट्याच्या बँकेत लोटेकर एकही नाही.

मी हे आमच्या शिपायाला बोलून दाखवले. तो तिथलाच. त्याने माझ्याकडे शहाण्या माणसाने खुळ्याकडे पाहावे तसे पाहिले. "साहेब, हितं समदेच लोट्याचे. मग कुनाला लोटेकर म्हनायचं?"

एवढे साधे उत्तर मला पदवी घेऊन आणि बँकेच्या दोन परीक्षा पास होऊन सुचले नव्हते. 'कर' लागलेले आडनाव त्या गावात राहून मिळत नाही. गाव सोडावे लागते. चिपळुणात राहणाऱ्याला कोणी चिपळूणकर म्हणत नाही. तो पुण्याला गेला की म्हणतात. निबंधमाला काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० साली जन्मले ते पुण्यातच. आडनाव चिपळूणचे, कर्तृत्व पुण्याचे. म्हणजे या जातीचे आडनाव सर्वांत दुर्मिळ कुठे असायचे, तर जिथून ते निघाले नेमके तिथे.

माझे स्वतःचे आडनाव हुद्द्याचे आहे, गावाचे नाही. कोणत्या गावाची कोणती वही माझ्या पूर्वजाकडे होती हे त्यावरून कळायला मार्ग नाही. त्यामुळे असेल, 'कर'वाल्यांचा मला थोडा हेवा वाटत आला आहे. त्यांच्या आडनावातच परतीचा पत्ता असतो.

हा पत्ता किती लांब जाऊ शकतो, याचे माझे आवडते उदाहरण बेने इस्रायलींचे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळून राहिलेले हे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, नावे हिब्रू आणि आडनावे कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांची: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. त्यांचा इतिहास लिहिला तो हाइम सॅम्युएल किहीमकरांनी. पुस्तक लिहून झाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि छापले गेले १९३७ साली, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो? तो गोलमटोल, टकलू, प्रेमळ डेव्हिड? त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अलिबागजवळच्या चौलचे. पडद्यावर नुसते 'डेव्हिड' येत असल्याने पुष्कळांना हे ठाऊक नसते. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. आज पेणकर शोधायचा तर पेणपेक्षा अश्दोद किंवा दिमोना इथे सापडण्याचा संभव अधिक. त्यांनी तिकडून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. दोन हजार वर्षांपूर्वीची मायभूमी मिळाली आणि आडनावात कुलाबा जिल्हा राहिला.

याच्या नेमके उलट घडले ते मॉरिशसला. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी करारावर जी माणसे नेली, त्यांत कोकणातलीही होती. बंदरावर उतरल्यावर नोंदवहीत कारकुनाने माणसाचे नुसते नाव लिहिले, तेही कानाला जसे ऐकू आले तसे. पुढच्या पिढीला तेच आडनाव झाले. त्यामुळे तिथल्या मराठी घराण्यांत मूळ पुरुषाचे पाळण्यातले नाव आडनाव म्हणून चालते आणि गाव मात्र हरवले आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. कोणी आपला गाव शोधायला निघाला की त्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. एका कारकुनाने रकाना भरताना कंटाळा केला आणि पाच पिढ्या खेड कुठले, गुहागर कुठले म्हणून धुंडाळत बसल्या. मी स्वतः रकाने भरण्यात आयुष्य घालवले असल्याने मला हे वाचताना जरा चोरट्यासारखे होते. त्याचे कारण पुढे येईलच.

आडनाव ही फार जुनी, दगडावर कोरलेली वस्तू आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती बदलायला एक पिढी पुरते. नाना फडणीस मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या भानू घराण्यातले. फडणिशीचा हुद्दा आला आणि भानू मागे पडले. आज हे आडनाव क्वचितच कानावर येते. श्रीवर्धनच्या भटांचे पेशवे झाले. इचलकरंजीकर घोरपड्यांचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी. संताजी घोरपड्यांनी त्याला मुलासारखे वाढवले म्हणून त्याने धन्याचेच आडनाव लावले. आमच्या लोट्याच्या शेजारचे परशुराम हे ज्यांचे ठाणे होते, ते ब्रह्मेंद्रस्वामी मूळ वऱ्हाडातले. १७२७ मध्ये सिद्दीच्या माणसांनी देवस्थानाची नासधूस केली, तेव्हा स्वामी उठून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि इतिहासात राहिले 'धावडशीकर' म्हणून. जिथे जन्मले ते नाही, जिथे तप केले तेही नाही; जिथे नाइलाजाने गेले तो गाव त्यांना चिकटला.

आणि मंगेशकर! दीनानाथांच्या घराण्याचे मूळ आडनाव हर्डीकर, घरात देवाच्या अभिषेकाचे काम म्हणून अभिषेकीही म्हणत. गोव्यातल्या मंगेशीचे नाव दीनानाथांनी आडनाव म्हणून घेतले. त्याच मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी. त्यांचे मूळ आडनाव नवाथे, त्यांनी देवाच्या कामाचे नाव ठेवले. एकाच देवळाच्या पायरीवरून एक आडनाव गावाकडून आले, एक कामाकडून. त्यातले मंगेशकर हे तर जवळपास एकाच घराचे आडनाव. इतके दुर्मिळ आणि तरी देशात ते ठाऊक नाही असा माणूस मिळणे कठीण.

रत्नागिरी जिल्ह्याने दिलेले सर्वांत मोठे आडनाव मात्र मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या खेड्यातून निघाले. रामजी मालोजी सकपाळ यांनी गावावरून लावायचे आडनाव लावले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांच्या मुलाचे नाव दाखल झाले आणि पुढे ते आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाले. गावावरून आंबडवेकर व्हायला हवे ते आंबेडकर कसे झाले, याविषयी त्याच आडनावाच्या प्रेमळ शिक्षकांची गोष्ट सांगितली जाते. आता ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या दाखल्याच्या एका ओळीचा असा दिवस साजरा झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे सकपाळ आडनावाचे खातेदार होते. त्यांची पासबुके भरताना ही ओळ मला हमखास आठवायची.

ही आडनावे शोधण्याचा नाद मला लोट्यालाच लागला. एका वहीत मी ती उतरवून ठेवू लागलो. साहित्यसंमेलनात भेटलेल्या एका गृहस्थांनी मला स्पेनची माहिती सांगितली. तिथे माणसाला दोन आडनावे असतात, एक वडिलांचे, एक आईचे. गावावरून पडलेली आडनावे तिथेही पुष्कळ. आपण गावाच्या शेवटी 'कर' लावतो, तर ते गावाच्या आधी 'दे' लावत. तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेकडे कोणते आडनाव कोणत्या प्रांतात किती जणांचे आहे हे कोणालाही पाहता येते. दुर्मिळ आडनाव असेल तर ते कोणत्या डोंगराच्या कुशीतून निघाले याचा बोट ठेवून अंदाज बांधता येतो. आपल्याकडे आहेच की एक! नवार प्रांतातल्या हाविएर नावाच्या गढीवरून पडलेले आडनाव. मूळ बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर'. त्या घरातला फ्रान्सिस, जन्म १५०६, धर्मप्रसारासाठी गोव्याला आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. त्याचा देह जुन्या गोव्याच्या बाँ जेझूस बॅसिलिकात आहे. त्याचे आडनाव गोव्यात आणि वसईत आले आणि पहिले नाव होऊन बसले. वसईच्या वाड्यांत झेवियर अशी हाक मारली जाते तेव्हा कोणीतरी नकळत स्पेनमधल्या एका नव्या घराला हाक मारत असतो.

असो. मी ज्यासाठी हे लिहायला बसलो, ती गोष्ट अजून सांगायची आहे. बँकेच्या माणसाने खातेदाराचे नाव सांगायचे नसते. म्हणून गावातले आडनाव बदलतो, कदम म्हणू. दुसरे आडनाव मात्र बदलता येत नाही, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

१९८७ च्या गणपतीनंतरची गोष्ट. एक पन्नाशीची बाई काउंटरपाशी आली. कमरेची पिशवी सोडून तिने घडी पडलेली एक ठेवपावती काढली. रक्कम अकरा हजार चारशे. नवरा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हा त्यांतला एक. वर्षभर वाट पाहून त्याने गिरणीचा हिशेब घेतला, पैसे मुंबईच्या एका शाखेत मुदतीवर ठेवले आणि गाव गाठले. पुढे पावती आमच्या शाखेकडे वर्ग झाली. श्रावणात तो गेला. वारसाचे नाव आधीच नोंदवून ठेवण्याची सोय बँकांत १९८५ पासून झाली होती, पण पावती त्याआधीची आणि नंतर तो फॉर्म भरून घ्यायचे कोणाला सुचले नव्हते.

पावतीवर नाव होते लोटेकर. मृत्यूच्या दाखल्यावर कदम. शिधापत्रिकेवर कदम. सातबारावर कदम.

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो आठवून आजही संकोच वाटतो. सापडला एकदाचा लोटेकर! मी तो आनंद तिला बोलूनही दाखवला असावा. मग खुर्चीतला अधिकारी जागा झाला आणि मी तिला सांगितले की, नावांत तफावत आहे. दोन्ही माणसे एकच असल्याचे तहसील कचेरीतून प्रतिज्ञापत्र आणा.

ती खेडला गेली. एसटीचे भाडे, कागद लिहून देणाऱ्याचे पैसे. आणलेल्या कागदात 'लोटेकर'चे 'लोटणकर' झाले होते. मी तो परत केला. दुसऱ्या वेळी कागद बरोबर होता, पण मी म्हटले की, हे तुम्ही स्वतःच सांगता आहात, दुसऱ्या कोणाचा पुरावा हवा. तिसऱ्या वेळी तिने पोलीस पाटलाचा दाखला आणला. त्यात ते कदम असल्याचे लिहिले होते, लोटेकर असल्याचे नव्हते. गावाला ते ठाऊकच नव्हते! मुंबईत त्याला काय म्हणत हे गावाने कधी विचारले नव्हते. तेव्हा ती मला म्हणाली, "साहेब, मेलेला मानूस एकच हाय. नावं दोन म्हनून काय दोगांना पैसं द्याचं हायत?"

एवढ्या लहान रकमेसाठी दोन जामीनदारांचे हमीपत्र घेऊन पैसे देण्याचा अधिकार मला होता. पुस्तकात कलम होते आणि ते मला पाठ होते. पण पावतीवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरे, उद्या तपासणीत कोणी विचारले तर? माझे वय तिशीच्या आत, बढतीची मुलाखत तोंडावर. मी कलम मिटून ठेवले आणि वरिष्ठ कार्यालयाला पत्र टाकले. पत्राला उत्तर यायला किती दिवस लागतात हे बँकेत काम केलेल्यांना सांगायला नको.

शिमगा झाला. ती पुन्हा आली, नुसतीच बाकावर बसून राहिली. आमच्या शिपायाने तिला विचारले, "वयनी, मुंबयचं आनखी काय हाय का घरात?" मी इतक्या महिन्यांत तिला अमुक कागद आणा, तमुक कागद आणा असे सांगत होतो. तुमच्याकडे काय आहे, हे विचारले नव्हते. ती म्हणाली, पत्र्याची पेटी हाय. दुसऱ्या दिवशी पेटीतला गिरणीचा पास घेऊन आली. त्यावर त्याचा फोटो, नाव लोटेकर, आणि मागच्या बाजूला गावचा पत्ता: वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका खेड.

त्याचा मुंबईतला खोलीवाला सोबती तेव्हा गावात आला होता. नाव कसे बदलले ते त्याने सांगितले. त्या खात्यात कदम सहा. हजेरी लिहिणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. बदलीवर आलेल्या या पोराला त्याने गाव विचारले आणि मस्टरवर लिहून टाकले. पगार त्या नावाने, फंड त्या नावाने, बँकेचे खाते त्या नावाने. अठ्ठावीस वर्षे तो मुंबईत लोटेकर होता आणि गणपती-शिमग्याला चार दिवस कदम. त्याला यात वावगे काही वाटले नाही. वाटायचे कारण काय?

त्याच आठवड्यात मी हमीपत्रावर पैसे दिले. ती वरिष्ठ कार्यालयाच्या उत्तराआधीच दिली, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच. मधल्या काळात पावसाआधी घर शाकारायला तिने एक गाभण गाय विकली होती. हे तिने मला तक्रार म्हणून सांगितले नाही. पैसे मोजून झाल्यावर बचत खाते उघडताना मी पासबुकावर लिहिले: कदम ऊर्फ लोटेकर. अंगठा उठवून झाल्यावर तिने विचारले, मधला शब्द काय? मी वाचून दाखवला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला.

अंगठ्याच्या जागी आता बोटांचे ठसे यंत्रावर घेतात. तरी आधार कार्ड, पॅन आणि सातबारा यांवरची तीन नावे जुळवण्यासाठी माणसे हेलपाटे घालताना दिसतात आणि राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलल्याच्या नोंदी छापून येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नावही घ्यायला सांगितले आहे, बाळाच्या नावानंतर लगेच, वडिलांच्या आधी. स्पेनमध्येही वडिलांचेच आडनाव पहिले असा जो दंडक होता, तो २०१७ मध्ये गेला. बायकांना दारात उभे राहून पुरावे द्यावे लागले, त्यांची नावे उशिरा का होईना कागदावर येत आहेत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी लोट्याला उतरलो. चौपदरी रस्त्याच्या कामाने ओळखीच्या खुणा पुसल्या आहेत, वासाने मात्र जागा ओळखू आली. शिपाई निवृत्त होऊन घरी असतो. त्याच्याबरोबर वाडीवर गेलो. बाई पंधरा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा डोंबिवलीला, त्याची मुलगी संगणक शिकून पुण्याला. वर्षातून दहा दिवस घर उघडते. त्या दिवशी उघडे होते, आरती चालू होती. दारावर पितळी पाटी होती, मुलाने डोंबिवलीहून करून आणलेली. तिच्यावर लिहिले होते 'लोटेकर'.

शिपायाने पाटीकडे पाहिले आणि अंगणातून हाक दिली, "कदमानू, पाहुनं आलंत, च्या टाका."